वाढत्या मापाची सायकल

थोरलीने आयुष्यात पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली होती, पण सायकलच्या दुकानात कॉफीचं यंत्र ठेवणारा माणूस तिला त्या दिवशी पहिल्यांदाच भेटला.

पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं दुकानात कुठे दिसेना. सोल्युशनचा तो डोक्यात जाणारा वास नव्हता, ग्रीसने काळाकुट्ट झालेला फडका नव्हता, उलटी करून ठेवलेली एकही सायकल नव्हती. भिंतीवर सायकली अशा टांगलेल्या होत्या, जसे कपड्यांच्या दुकानात कोट टांगतात. दुकानदार निळे रबरी हातमोजे घालून उभा होता.

"हा सायकलवाला की दातांचा डॉक्टर?" थोरली धाकटीच्या कानात म्हणाली. थोरलीचं कानात बोलणं म्हणजे समोरच्या फुटपाथपर्यंत ऐकू जायचं.

"ताई, हळू," धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही आता नव्हते. घर तेच, खाली थोरली, वर धाकटी, मधे लाकडी जिना. थोरली सत्तरीला टेकलेली, उंच, हाडापेराने दणकट. धाकटी त्रेसष्टची आणि चणीने एवढीशी, की बसथांब्यावर मागून बघणारे तिला अजून "ए पोरी, सरक जरा" म्हणायचे.

आणि या एवढ्याशा बाईने सायकल घ्यायचं काढलं होतं. तीही खडीच्या रस्त्यावर चालणारी.

कारण साधं होतं. धाकटीची एकुलती एक लेक धरणाच्या पलीकडे रोपवाटिका चालवायची, नवऱ्याबरोबर, तिथेच राहायची. डांबरी रस्त्याने तिथे जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा. थोरलीच्या मुलाची गाडी होती, तो न्यायचा. पण नेण्याआधी सुस्कारा टाकायचा. पंचेचाळीस वर्षांच्या त्या माणसाला घरात अजून बाळ म्हणत आणि तो सुस्कारेही तसेच टाकायचा. "बाळ, या रविवारी जमेल का रे?" असं धाकटी विचारायची, तो आईकडे बघायचा, आणि थोरली म्हणायची, "या रविवारी नको. पुढच्या बघू." पुढचा रविवारही कधीकधी पुढे जायचा.

दुसरा रस्ता होता तो कालव्याच्या कडेकडेने. पाटबंधारे खात्याच्या जीपसाठी कधीकाळी खडी पसरून केलेला, सरळसोट. फाटकाला साखळी, गाड्यांना बंदी. पण सायकलला कुणी अडवत नसे. धाकटीने टेलिफोनच्या कचेरीतली सगळी नोकरी सायकलवरून केली होती. तिने एक दिवस चहाचा कप खाली ठेवून सांगून टाकलं, "मी सायकल घेतेय. म्हणजे कुणाला विचारायला नको."

थोरलीला त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग हास्यास्पद वाटला. दुसरा अर्धा तिला रात्रभर टोचत राहिला. न विचारता जाणारं माणूस न विचारता तिकडेच राहूनही जाईल, हे तिला लगेच कळलं होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ती सायकलला नावं ठेवू लागली.

नावं ठेवायला जागाही पुष्कळ होती.

"ही सगळीकडे चालते बघा, काकू," दुकानदार धाकटीला सांगत होता. "शहरात, खडीवर, मातीवर. मागे पिशव्या लावा, लांबच्या प्रवासाला जा. एकाच सायकलमध्ये सगळं."

"एक ना धड भाराभर चिंध्या," थोरली म्हणाली. "सगळीकडे चालणारा माणूस घरी कधी सापडत नाही, तशातली गत."

"आई, तुला यातलं काही कळत नाही," बाळ म्हणाला. त्याला फार कळत होतं. गेले कित्येक दिवस तो फोनवर सायकलींचे व्हिडिओ बघत होता आणि जेवताना कार्बन, स्टील, ॲल्युमिनियम असं काहीबाही बोलत होता. शाळेत असताना याच मुलाला सायकल शिकवायला त्याचे वडील दीड महिना मागे धावले होते, आणि शेवटी त्यांचंच वजन उतरलं.

"कार्बन हलका असतो, काकी," तो म्हणाला.

"पेन्सिलीतलाच ना?" थोरली म्हणाली. "मग तुटतोही तसाच."

धाकटी कुणाचंच ऐकत नव्हती. ती एका फ्रेमवर हात फिरवत होती. "स्टीलची घेते," ती म्हणाली. "आदळली तर वाकेल, सरळ करता येईल. आणि हिला मडगार्ड, कॅरिअर बसवायला भोकं आहेत ना? रोपं आणायचीत मला."

दुकानदार खूश झाला. मग त्याने हँडल दाखवलं. खाली वळलेलं आणि दोन्ही टोकं बाहेर फाकलेली.

"मेंढ्याची शिंगं," थोरली म्हणाली.

मग टायर. चांगला मनगटाएवढा रुंद आणि आत ट्यूबच नाही. "आत हे दुधासारखं पातळ सोल्युशन भरतात," दुकानदार म्हणाला, "काटा घुसला की भोक आपोआप बुजतं."

"आमच्या वेळी भोक पडलं की माणूस खाली उतरायचा आणि बुजवायचा. आपोआप काही बुजत नाही, बाबा."

हे बोलताना मात्र थोरलीचा आवाज थोडा खाली आला, कारण तिला स्वतःच्या नवऱ्याची सायकल आठवली. काळी, दांडीची, हत्तीसारखी जड. पितळी घंटी, पुढे डायनामोचा दिवा. चाक फिरलं की घरघरायचा आणि चढ आला की मंद व्हायचा. सीटखालच्या कातडी पाकिटात ठिगळं, सँडपेपरचा तुकडा आणि सोल्युशनची नळी. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती त्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायची, एका हाताने नवऱ्याचा शर्ट धरून. तेव्हाही रस्ता खडीचाच होता. सगळे रस्ते खडीचेच होते. त्यासाठी वेगळी सायकल घ्यावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. हाडं खिळखिळी व्हायची आणि माणसं हसायची.

माप घेताना तर कहरच झाला. दुकानदाराने धाकटीला भिंतीला पाठ लावून उभं केलं, एक जाड पुस्तक तिच्या हातात दिलं आणि ते दोन्ही पायांच्या मधे वरपर्यंत धरायला सांगितलं. मग भिंतीवर पेन्सिलीने खूण करून टेपने जमिनीपासूनचं अंतर मोजलं.

"शोभतं का हे?" थोरली म्हणाली. धाकटी लाल झाली पण हलली नाही.

"लहान फ्रेम," दुकानदार म्हणाला. "यांना लहानच हवी. खडीवर थांबताना पाय चटकन जमिनीला लागला पाहिजे, नाहीतर माणूस आडवा. लहान मागवावी लागेल. मधली आहे माझ्याकडे, पण ती मोठी होईल."

"लहानच," धाकटी म्हणाली. हे तिने अशा आवाजात सांगितलं, की थोरलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी दुकानातून घरी फोन आला. धाकटी बँकेत गेली होती. थोरलीने उचलला.

"काकू, सायकलवाला बोलतोय. लहान फ्रेमला वेळ लागणार म्हणतात. कधी येईल सांगत नाहीत. थांबायचं की मधलीवर बांधून देऊ? मधली लगेच होईल."

पलीकडच्या बावळटाने कोण बोलतंय हे विचारलंच नाही. बाईचा आवाज म्हणजे काकू, आणि काकू म्हणजे काकू.

थोरलीच्या तोंडून पटकन निघालं, "मग मोठीच द्या. वाढतं असलेलं बरं."

"सायकल वाढत्या अंगाची घेत नाहीत हो, काकू," तो हसला. पण ती मधली फ्रेम त्याच्या भिंतीवर कधीची धूळ खात होती, म्हणून लगेच म्हणाला, "बरं, सीट खाली घेऊ, हँडल जवळ आणू. चालून जाईल."

थोरलीने फोन ठेवला. वाढतं माप हा त्या घराचा कायदा होता. तो तिच्या सासूने केला आणि सासूनंतर तिने चालवला. बाळच्या शाळेच्या बुटात दोन वर्षांची जागा असायची. खिडक्यांचे पडदे जमिनीवर लोळायचे. मापात बसणारी वस्तू घेणं म्हणजे उधळपट्टी. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिचे कपडे, चपला, सगळं थोरलीनेच आणलं होतं, एकेक नंबर मोठं; वीस वर्षांची आहे, भरेल अंगाने, म्हणून. धाकटी भरली नाही. चपलेत पुढे कापूस कोंबून ती वर्षानुवर्षं चालली आणि वर "छान आहेत, ताई" म्हणाली.

म्हणजे सवयीने निघालं तोंडातून, असं थोरलीने स्वतःला सांगितलं. सवय होतीच. पण धाकटी बँकेतून आली, तेव्हा तिला "सायकलवाल्याचा फोन होता" एवढंही तिने सांगितलं नाही. विसरले असं म्हणायला जागा होती. पण थोरली काही विसरणाऱ्यातली नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी कुणी कुणाला काय म्हटलं, ते ती तारखेसकट सांगायची.

सायकल बांधायला घेतली, असा दुकानदाराचा निरोप धाकटीला मिळाला आणि ती दर दोन दिवसांनी दुकानात जाऊ लागली. थोरलीही मागोमाग. धाकटी स्टुलावर बसून बघत राहायची: पुढे एकच दातेरी चाक, मागे ताटाएवढं मोठं, म्हणजे चढावर पाय हलके पडावेत, चाकांच्या मधे पातळ पोलादी चकत्या, म्हणजे उतारावर ब्रेक धरावा. हँडलला गुंडाळायची पट्टी तिने विटकरी रंगाची निवडली. एवढ्यासाठी तिने अर्धा तास घातला.

"लग्नात एवढं निवडलं नव्हतं," थोरली म्हणाली.

"लग्नात मला कुणी दाखवलंच नव्हतं काही," धाकटी हसत म्हणाली.

फ्रेम ठोकळ्यावर चढवलेली होती. आणि ठोकळ्यावर उंचावर असलेली वस्तू लहान की मोठी ते कळत नाही. धाकटीला कळलं नाही. थोरलीला कळत होतं. ती रोज बघत होती, रोज बोलायचं ठरवत होती आणि रोज दुकानदाराच्या हातमोज्यांबद्दल काहीतरी बोलून घरी येत होती.

सायकल खाली उतरली त्या दिवशी धाकटीने दांडीवरून पाय टाकला आणि तिचे दोन्ही पाय चवड्यांवर आले. सीट पार खाली बसवलेली. ती हँडलकडे अशी ताणली होती, जणू उंच फळीवरचा डबा काढतेय.

"जरा मोठी वाटतेय का हो?" ती म्हणाली.

"पहिल्यांदा वाटते," दुकानदार म्हणाला. "चालून जाईल."

"होईल सवय," धाकटी म्हणाली.

थोरलीला वाटलं, हिच्या एक ठेवून द्यावी. दुकानदारासमोर, कॉफीच्या त्या यंत्रासमोर. सवय! चाळीस वर्षांत या बाईने दुसरं काही केलंच नव्हतं. मोठ्या चपलेची सवय, वरच्या तापणाऱ्या खोल्यांची सवय, पुढच्या रविवारची सवय. तिला ओरडायचं होतं. सायकल तिथल्या तिथे फेकायची होती. ज्या माणसाला फसवलं तेच माणूस असं समजुतीने वागलं की फसवणाऱ्याने जायचं कुठे? थोरलीने धाकटीचा मनातल्या मनात इतका तिरस्कार कधीच केला नव्हता. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. हे इतकं नवल होतं, की बाळने तिला ताप आहे का विचारलं.

रविवारी सकाळी धाकटी कालव्याच्या रस्त्याने निघाली आणि दुपारी सायकल हातात धरून चालत परत आली. उजवा गुडघा फुटलेला, तळहात खरडलेला, विटकरी पट्टी एका बाजूने सोललेली. फाटकापाशी साखळी होती, थांबावं लागलं, पाय खाली टाकला तो खडीवर पोचलाच नाही.

"सांगत होते," थोरली म्हणाली. गरम पाणी आणि कापूस घेऊन ती तिच्यासमोर खाली बसली. "या वयात थेरं. हलू नकोस."

"मलाच जमलं नाही," धाकटी म्हणाली. "उंचीच नाही माझी, ताई. आपलं आपण ओळखून राहावं माणसाने. बाळला सांगीन मी. पुढच्या रविवारी नेईल का विचारीन."

झालं. थोरलीला हवं होतं ते सगळं त्या एका वाक्यात आलं होतं. तिने गुडघ्यावरची माती पुसली आणि कापूस भांड्यात आपटला.

"तुझी उंची काय करायचीय?" ती ओरडली. "सायकल मोठी आहे! मधली आहे ती. त्या हातमोज्यावाल्याचा फोन आला होता, मी सांगितलं मोठी दे म्हणून."

धाकटी बघत राहिली.

"तुम्ही?"

"वाढतं असावं म्हणून."

"ताई," धाकटी म्हणाली, अगदी हळू, "मी त्रेसष्ट वर्षांची आहे. अजून किती वाढायचंय मला?"

थोरली चिडली. "म्हणजे आता मी वाईट. चाळीस वर्षं केलं ते गेलं पाण्यात."

"आणि नंतर सांगितलं नाहीत. रोज येऊन बसत होतात तिथे. मी पट्टी निवडत होते आणि तुम्ही बघत होतात."

"बघत होते."

"का?"

थोरलीने भांडं उचललं. दारापर्यंत गेली. तिथून, पाठमोरीच, म्हणाली, "तू जाशील आणि येणार नाहीस म्हणून. मग मी काय या बाळच्या तोंडाकडे बघत बसू?"

थोरलीला वाटलं, आता ही उठेल, जवळ येईल, "असं कसं होईल ताई" म्हणेल. ती तशी म्हणणारी बाई होती. पण धाकटी म्हणाली नाही. ती लंगडत जिना चढून वर गेली आणि दार लावून घेतलं. चाळीस वर्षांत ते दार दिवसाउजेडी बंद झालेलं थोरलीने पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी बाळला घेऊन दुकानात गेली. थोरलीला नको म्हणाली. पुढचं सगळं बाळने सांगितलं, कारण सायकल गाडीत घालून त्यानेच नेली होती. दुकानदार म्हणे हँडल अजून थोडं जवळ आणतो म्हणाला, चालून जाईल म्हणाला. आणि काकी, आपली काकी, त्याला म्हणाली: "चालून जाणाऱ्या वस्तू माझ्याकडे घरभर आहेत. मला मापाची हवी. लहान फ्रेम येईल तेव्हा येईल, मी थांबेन. याच्यावरचं सगळं सोडवा आणि तिच्यावर चढवा. आणि पुन्हा विचारायचं झालं तर माझ्याशी बोला. आधी नाव विचारा."

"असं म्हणाली?" थोरली म्हणाली.

"अगदी असं. तो हातमोजे काढून उभा राहिला, आई."

"मेला," थोरली म्हणाली. तिला हसू आलं होतं ते तिने दाताखाली दाबलं.

मधले दिवस वाईट गेले. धाकटी जेवायला खाली यायची, वाढायची, बोलायची, सगळं नेहमीसारखं. फक्त "ताई" म्हणत नव्हती. कुठल्याच नावाने हाक मारत नव्हती. थोरली जुन्या गोष्टी काढायची. टेलिफोनच्या कचेरीत धाकटीने एकदा दोन भांडलेल्या भावांना चुकून एकमेकांना जोडून दिलं होतं, ती गोष्ट. त्यावर धाकटी दर वेळी हसायची. आता ती "हो ना" म्हणून ताट उचलायची.

लहान फ्रेम आली. सायकल पुन्हा बांधून झाली, तेव्हा थोरली दुकानात गेली नाही. जिन्यावर पावलं वाजली, मग दाराशी हवा भरायच्या पंपाचा आवाज आला. तिने खिडकीतून पाहिलं. धाकटी दाराशी सायकल धरून उभी होती. दांडीवरून पाय टाकला, दोन्ही टाचा जमिनीवर. सायकल अगदी तिच्याएवढी होती. धाकटीच्या अंगावर तिच्या मापाचं काही शेवटचं कधी पाहिलं, ते थोरलीला, एरवी सगळं तारखेसकट आठवत असूनही, आठवलं नाही.

"पाण्याची बाटली घेतलीस?" ती खिडकीतून ओरडली.

"घेतली."

"ते दूध आहे ना चाकात?"

"आहे." धाकटी निघाली. कोपऱ्यावर हात दाखवून वळली, एकदाही न डगमगता.

दिवसभर थोरलीने कपाट आवरलं, पुन्हा तसंच भरलं, बाळला दोनदा नालायक म्हटलं. ऊन कलल्यावर फोन वाजला तेव्हा ती फोनशेजारीच बसली होती, पण दोनतीनदा वाजू दिला.

"ताई, पोचले सकाळीच. फाटकापाशी थांबले, पाय टेकला," धाकटीचा आवाज मोठा, मोकळा येत होता, मागे कुणीतरी पाणी सोडत होतं. "आज राहतेय इथे."

"राहा की. कोण अडवतंय."

इतकी वर्षं थोरली सांगत आली होती: अमक्या दिवशी ये, तमक्या वेळी ये. आता तिने विचारलं, आणि तिला ते वाक्य परक्या भाषेतलं असावं तसं जड गेलं.

"कधी येशील?"

"ठरवलं नाही अजून," धाकटी म्हणाली. "ठरलं की कळवीन."

थोरलीने फोन ठेवला. बाळ दारात उभा होता. त्याने बोलणं ऐकलं होतं. बोटात गाडीच्या किल्ल्या फिरवत, सुस्कारा टाकायच्या तयारीत तो म्हणाला, "राहिली ना? मला वाटलंच. उद्या जाऊन घेऊन येऊ का काकीला?"

"तू कशाला?" थोरली म्हणाली. "ठेव त्या किल्ल्या. तिची सायकल आहे."